न संपणारी भैरवी

सावरखेड्याच्या मठात श्री पूर्णनाथ महाराजांचा मुक्काम होता, त्या वर्षीची ही हकिगत. गाव नदीकाठचं, लहानसं. साळ्यांची आळी आणि दत्ताचं देऊळ, एवढीच त्याची ओळख. पण महाराज येऊन बसले आणि देवळाच्या पायऱ्यांवर दिवसभर पाय ठेवायला जागा मिळेना.

मठातली गायनसेवा रंगनाथबुवांकडे होती. बुवा मोठ्या तयारीचे गवई बरं! आणि शिकवायची हौसही दांडगी. आळीतल्या यमाजी साळ्याला त्यांनीच हाताला धरून गाणं शिकवलं. यमाजी दिवसभर मागावर बसे आणि संध्याकाळी बुवांच्या पायाशी. सुरुवातीला "माझा यमाजी, माझा यमाजी" म्हणताना बुवांचं तोंड दुखत नसे.

मग एकदा बुवा आळीतून चालले होते. मागावर बसून यमाजी बुवांचाच अभंग गुणगुणत होता. त्यात त्याने सहज सुरांची अशी एक जागा घेतली, की बुवा वाटेतच उभे राहिले. ती जागा ते जन्मभर शोधत होते हो! डोळ्यांत पाणी आलं, पण यमाजीला शाबासकी न देताच ते पुढे निघाले. मत्सर काय, दाराची कडी वाजवून थोडाच येतो?

त्या दिवसापासून बुवा यमाजीला नुसतं तंबोऱ्यावर बसवू लागले. चारचौघांत म्हणत, "अहो, मागावर धोटा फेकणारा हात तो! तंबोरा छेडतोय हेच पुष्कळ झालं." लोक हसत. यमाजीही हसे आणि म्हणे, "बुवांचं खरंच आहे." अशा माणसावर राग तरी किती धरावा! पण बुवांना तो धरता येत होता.

दत्तजयंती उद्यावर आली. यमाजीची आई ठकूबाई थकलेली, डोळ्यांनी अधू, अंथरुणाला खिळलेली. "माझ्या यमाला एकदा महाराजांपुढं गाताना ऐकलं, की मी जायला मोकळी," एवढंच तिचं मागणं होतं. ते महाराजांच्या कानावर गेलं. महाराज म्हणाले, "बुवा, उद्या तुमचे दोन अभंग झाले की यमाजीला गाऊ द्या. शेवटी भैरवी तुम्हीच म्हणा."

"आज्ञा, महाराज," बुवा म्हणाले. मनात मात्र वेगळंच शिजत होतं. भैरवी झाली की बैठक संपली, तिच्यानंतर कुणी गायचं नाही, हा गवयांचा रिवाज. मठात तर तो देवाच्या आज्ञेसारखा पाळत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडप गच्च भरला. ठकूबाईला घोंगडीत घालून चौघांनी आणली आणि खांबाला टेकवून बसवली. तिला पाहून बुवांचं मन चरकलंसुद्धा. पण दोन अभंग झाले, यमाजी तंबोरा ठेवून पुढे सरकणार, इतक्यात बुवांनी डोळे मिटून थेट भैरवीच धरली! "पायी ठाव दे रे दत्ता..."

मंडपात कुजबुज झाली. ठकूबाईने पदर तोंडाला लावला. रिवाज तिलाही ठाऊक होता. यमाजीने मुकाट्याने तंबोरा पुन्हा उचलला. गुरू गातात, तर आपण सूर द्यायचा, एवढंच त्याला कळत होतं.

महाराज हसून म्हणाले, "बुवा, आज भैरवीला फार लवकर बोलावलंत. बरं, आलीच आहे तर बसू द्या तिला, तिचं मन भरेस्तोवर."

आणि काय चमत्कार सांगावा, भाविकहो! भैरवी संपेचना. बुवा शेवटची ओळ म्हणून षड्जावर उतरायला जात, आणि गळा आपसूक भलत्याच वाटेने वर निघून जाई. थांबावं म्हटलं तर थांबता येईना. पुन्हा ध्रुवपद, पुन्हा अंतरा! उन्हं कलली. पखवाज्याचे हात भरून आले. बुवा घामाने निथळले, घशाला कोरड पडली, आवाज चिरकू लागला. "महाराज, सोडवा" एवढं म्हणायलाही गाण्यातून सवड नाही! आता आपला गळा कायमचा जाणार, अशी त्यांची खात्रीच झाली.

तेवढ्यात मागून यमाजी हळूच म्हणाला, "बुवा, मी धरू का जरा? तुम्ही दम घ्या."

बुवांच्या मनात आलं, याचं गाणं मी गिळलं, आणि हा माझ्या घशाची काळजी करतो! त्यांनी हात मागे नेऊन यमाजीला पुढे ओढलं, आपल्या शेजारी बसवलं आणि 'घे बाळा' अशी खूण केली.

यमाजी गायला. मंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही. निजलेलं लेकरू पाळण्यात ठेवावं तशी त्याने ओळ अलगद षड्जावर आणून ठेवली. त्याच क्षणी बुवांचा गळा मोकळा झाला.

गावचे पाटील कुरकुरले, "महाराज, हा भैरवीनंतर गायला की हो!"

महाराज म्हणाले, "नंतर कुठं पाटील? भैरवी संपलीच कुठं होती? आमच्या बुवांनी रिवाज मोडू दिला नाही!"

बुवांनी धावत जाऊन महाराजांचे पाय धरले. "महाराज, मी माझ्याच लेकराच्या तोंडचा घास काढला."

"मग क्षमा त्याच्या आईकडे मागा," महाराज मायेने म्हणाले.

बुवा खांबापाशी गेले. कोण आलं ते ठकूबाईला दिसलं नाही, नुसता हुंदका ऐकू आला. तिने चाचपडत त्यांच्या तोंडावरून हात फिरवला.

"बुवा ना? अहो, माझ्या यमानं तोंड उघडलं, तर मला वाटलं तुम्हीच गाताय! तुमचाच गळा दिलात हो माझ्या पोराला. तुमचे उपकार कुठल्या जन्मी फेडू?"

साऱ्या मंडपादेखत बुवांनी म्हातारीच्या पावलांवर डोकं ठेवलं, आणि कितीतरी वेळ ते वर उचललंच नाही.