मांडीखालचे हात

फार फार जुनी गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा चंद्राला अजून डाग पडलेला नव्हता आणि हत्ती पहाटे उठून आपापले दात घासत असत. खोटं वाटत असेल तर विचारा एखाद्या हत्तीला. हत्ती काही विसरत नाही.

त्या काळी एका राज्यात, राजाच्या जुन्या हत्तीखान्यात, एक बालवाडी भरत असे. आईबाप शेतावर नाहीतर भट्टीवर गेले, की त्यांची तीन-चार वर्षांची पोरं तिथे येत. पोरं मोजून एकवीस, आणि त्यांना सांभाळायला एकच बाई. बाई मायाळू होत्या, कष्टाळू होत्या, पण स्वभावाने जरा घाबरट. दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या, की त्यांना दोन्ही पटत, आणि मग रात्रभर झोप येत नसे.

दुपारी पोरांची पंगत बसे. सारवलेली जमीन, पळसाच्या पत्रावळी, आणि त्यांवर मऊ भात, आमटी, वर तुपाचा थेंब. पोरं जेवत म्हणजे काय करत, ते ज्यांच्या घरी पोरं आहेत त्यांना सांगायला नको. निम्मा भात पोटात, पाव भात अंगावर, उरलेला जमिनीवर. एकदा आमटीचा शिंतोडा आढ्याला लागला आणि तिथे झोपलेलं वटवाघूळ ‘मीठ कमी आहे’ म्हणालं, असं लोक सांगतात.

पण बालवाडीची एक रीत होती. जेवण झालं, की प्रत्येकाने आपल्या पानाभोवतीची शितं ओल्या बोटांनी वेचायची आणि दाराबाहेरच्या वारुळापाशी नेऊन ठेवायची. मग पान उचलायचं, ओलं फडकं फिरवायचं. वेचताना निम्मी शितं पुन्हा सांडत. तरी संध्याकाळपर्यंत जमीन स्वच्छ होई, पोरं खूश, मुंग्या खूश.

एके दिवशी राजाची स्वारी बालवाडी बघायला आली. आली ती नेमकी जेवणाच्या वेळी. राजाच्या पायात नवे मखमली जोडे होते. पहिलंच पाऊल पडलं ते आमटीभातात. राजा घसरला तो थेट पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोचला, आणि वाटेत त्याने सात पत्रावळी गोळा केल्या. पोरांना वाटलं, हा खेळ आहे. ती म्हणाली, ‘पुन्हा! पुन्हा!’

राजाला काही ते आवडलं नाही.

“ह्यापेक्षा माझे हत्ती बरे,” तो गरजला. “हत्ती आमटी सांडत नाहीत! पुढच्या पौर्णिमेला प्रधानजी येतील. पंगतीनंतर आपलं पांढरं उपरणं ह्या जमिनीवरून फिरवतील. उपरण्याला एवढासा जरी डाग लागला, तर बालवाडी बंद. हत्ती परत आत, पोरं बाहेर.”

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. बालवाडी बंद झाली, तर एकवीस पोरं दिवसभर जायची कुठे? कोणी भट्टीच्या जाळाशी, कोणी विहिरीच्या काठाशी.

बाई विहिरीवर गेल्या. तिथे एक आजी म्हणाली, “पोरांना पातळ वाढूच नका.” दुसरी म्हणाली, “घट्ट वाढू नका, ते चिकटतं.” बाईंना दोन्ही पटलं. त्या घरी आल्या आणि रात्रभर आढ्याकडे बघत बसल्या.

पहाटे त्यांना एक युक्ती सुचली. पोरांच्या हातामुळेच सांडतं ना? मग हातच नकोत!

त्या दिवसापासून पोरांनी मांडी घालायची, दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे आणि तोंड उघडायचं. बाई भाताचं पातेलं घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायच्या आणि एकेका तोंडात घास घालायच्या. ‘आ कर. मिट. पुढचा. आ कर. मिट. पुढचा.’ शेवटच्या तोंडापर्यंत पोचेस्तोवर पहिलं तोंड पुन्हा उघडलेलं असे.

पहिले दोन दिवस पोरांनी रडारड केली. तिसऱ्या दिवशी सवय झाली. जमीन अशी लखलखीत झाली, की एका मांजराने तिच्यात आपलं तोंड पाहिलं आणि दुसरं मांजर समजून त्याला नमस्कार केला. वेचायला शीतच नव्हतं, तेव्हा वेचायची रीतही आपोआप बंद पडली.

बाईंना वाटलं, सुटले!

पण आठव्या दिवशी कुंभारीण दारात येऊन उभी राहिली. तिची लेक पंगतीतली सगळ्यात धाकटी.

“अहो बाई, माझ्या पोरीच्या हातांचं काय केलंत?”

“का गं? काय झालं?”

“काल हिच्यापुढे भाकरी ठेवली. तर हात मांडीखाली घालून बसली, तोंड उघडून! मी आपली भट्टीवर. परत येऊन बघते, तर भाकरी कावळ्याने नेलेली, आणि ही तशीच. तोंडात एक डास शिरलाय!”

“पण बालवाडी कशी स्वच्छ आहे, बघ ना,” बाई चाचरत म्हणाल्या. “डाग म्हणून नाही.”

कुंभारणीने जमीन पाहिली. मग स्वतःचे कोपरापर्यंत माखलेले हात पाहिले. “स्वच्छ आहे खरी. अंगाला माती लागेल म्हणून मीही चाकावर बसले नसते, तर माझंही घर असंच लखलखीत राहिलं असतं. फक्त गावात एक मडकं दिसलं नसतं.”

बाईंना ते पटलं. पण राजाचा हुकूम आठवला आणि तोही पटला. आता करावं काय? स्वच्छता चांगली, हे तर पोथीतही सांगितलंय. मग चांगल्यातून हे वाईट कसं निघालं? त्या पायरीवर डोकं धरून बसल्या.

तेवढ्यात वारुळातून एक म्हातारी मुंगी वर आली.

“बाई, आमचं काही चुकलं का हो?” तिने विचारलं. “आठ दिवस झाले, आतून शितभर निरोप नाही. पोरं जेवायची थांबली की काय?”

“जेवतात की.”

“जेवतात? आणि सांडत नाहीत?” मुंगी विचारात पडली. “मी एवढे पावसाळे पाहिले बाई, पण हे नवीनच. मी तर स्वतः साखर नेताना अजून सांडते.” आणि ती मान हलवत बिळात गेली. बाईंचा गोंधळ दुप्पट झाला.

पौर्णिमा आली. आणि नेमक्या त्याच सकाळी बाईंचा उजवा खांदा धरला. रोज एकवीस तोंडं भरवून भरवून हात कमरेच्या वर जाईना. डाव्या हाताने घास भरवायचा, तर आया काय म्हणतील? शेवटी लेकीला सोडायला आलेल्या कुंभारणीनेच पदर खोचून पानं वाढायला घेतली.

प्रधानजी आले. मोठी पगडी, झुपकेदार मिशा, खांद्यावर बगळ्यासारखं शुभ्र उपरणं.

“बसा प्रधानजी,” कुंभारीण म्हणाली. “आमच्याकडे पंगतीला आलेला माणूस उपाशी जात नाही.” आणि ते नको-नको म्हणेपर्यंत त्यांच्यापुढे पान मांडून वाढूनही झालं.

पोरांनी मांड्या घातल्या. हात मांडीखाली गेले. एकवीस तोंडं उघडली. आणि उघडीच राहिली.

प्रधानजींनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. “ही मुलं काय करताहेत?”

“जेव... जेवताहेत,” बाई म्हणाल्या.

“पण तोंडात तर काहीच जात नाहीये.”

“हो ना.”

“असं कसं जेवण हे?” प्रधानजी गोंधळले. पण हुकूम तो हुकूम. ते उठले, उपरण्याचं एक टोक धरून त्यांनी जमिनीवरून फिरवलं, उजेडात धरून पाहिलं. शुभ्र! “वा! डाग नाही. द्या एखादा कागद, शिक्का मारतो. बालवाडी वाचली.”

बाईंचा जीव भांड्यात पडला. एक शिक्का, की संपलं सगळं.

इतक्यात कुंभाराची लेक हळूच म्हणाली, “बाई, भूक लागली.” आणि तिच्या डोळ्यातलं पाणी टपकन भातावर पडलं.

बाईंनी शिक्क्याकडे पाहिलं. पोरीकडे पाहिलं. अर्धी घटका गप्प राहिल्या असत्या, तर बालवाडी वाचत होती. पण ती वाचवायची कोणासाठी? आयुष्यात पहिल्यांदाच बाईंना दोनपैकी एकच गोष्ट पटली.

“थांबा प्रधानजी,” त्या म्हणाल्या. “अजून जेवण व्हायचंय. पोरांनो, हात काढा रे मांडीखालून. जेवा!”

पोरं हातांकडे बघत राहिली. बाई गुडघ्यांवर बसल्या आणि धाकटीची मूठ त्यांनी डाव्या हाताने उघडली. पाच बोटं भातात बुडाली. मग काय विचारता! एकवीस जोडी हात एकदम सुटले. आमटीचे पाट वाहिले. भात उडाला तो आढ्याला लागला. दोन पोरं एकाच पानात, एक पोरगं पानाच्या बाहेर, आणि सगळ्यांच्या नाकाला तूप.

बाईंनी डोळे मिटून घेतले. हत्तींच्या घंटा त्यांना आत्ताच ऐकू यायला लागल्या होत्या.

कुंभारणीने प्रधानजींना पुन्हा पानावर बसवलं. तेही बिचारे सकाळपासून उपाशी. त्यांनी भुरका मारला, तो निम्मा मिशांत गेला. वाड्यावर त्यांच्यामागे दोन चाकर सांडलेलं टिपायला उभे असत. त्यामुळे आपण सांडतो, हे त्यांना जन्मात ठाऊक नव्हतं.

पोरांची पोटं भरली. धाकटीने बोटं पाण्यात बुडवली आणि आपल्या पानाभोवतीची शितं वेचायला लागली. कोणी सांगितलं नव्हतं. हातांना आठवलं असावं. तिचं पाहून दुसरी, मग तिसरा. निम्म्यांना जमलं, निम्म्यांनी पसरवलं, पण पंगतभर वेचणं सुरू झालं.

धाकटी वारुळापाशी जाऊन आली आणि कमरेवर हात ठेवून प्रधानजींसमोर उभी राहिली.

“आजोबा, तुमचं राहिलं.”

“माझं? काय?”

तिने बोट दाखवलं. प्रधानजींनी खाली पाहिलं. त्यांच्या पानाभोवती दोन पोरांना पुरेल एवढा भात होता!

“हे माझं?”

“मग काय माझं? मी तिकडे बसले होते.”

प्रधानजी वाकले. गुडघे फटाक्यांसारखे वाजले. त्यांनी एकेक शीत वेचलं. “ते एक राहिलं, आजोबा. मिशीतलंसुद्धा.” मग फडकं जवळ दिसेना, म्हणून त्यांनी सवयीने खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आमटी पुसून टाकली.

पुसून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. जमीन स्वच्छ, आणि उपरणं पिवळंधमक! हुकुमाप्रमाणे बालवाडी बंद करायला हवी. पण डाग पोरांचा, की आपला? ते बराच वेळ उपरणं उलटसुलट करत बसले. शेवटी त्यांनी कागदावर लिहिलं: ‘जमीन स्वच्छ आहे. उपरणं मळलं आहे. पोरं जेवली आहेत, मीही जेवलो. बंद कोणाला करावं, ते कळत नाही.’

राजाने तो कागद तीनदा वाचला. त्यालाही कळेना. विचार करत तो जेवायला बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्याने आपल्या पाटाभोवती पाहिलं. तिथे शितं टिपणारे चार चाकर रांगत होते.

राजाने त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. मग त्याने बोटं पाण्यात बुडवली.

हत्ती बाहेरच राहिले. बालवाडीत रोज सांडत राहिलं आणि रोज वेचलं जात राहिलं. बाईंचा खांदा चार दिवसांत बरा झाला, आणि म्हाताऱ्या मुंगीला शितांचा निरोप पुन्हा वेळेवर मिळू लागला. प्रधानजींचं उपरणं मात्र किती धुतलं तरी पांढरं झालं नाही. ते त्यांनी तसंच मिरवलं.

म्हणून लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: सांडेल म्हणून पोरांचे हात बांधू नयेत, सांडलेलं उचलायला त्याच हातांना शिकवावं.