डाव्या चाकाचा कल

“रिकाम्या गाडीची डावी बाजू दबेल कशी, महाराज?”

सौदामिनीने विचारले खरे, पण उत्तराची आशा धरून नव्हे. मापनशास्त्र शिकवण्यात तिची हयात गेली होती. गोसाव्यापुढे हात जोडणाऱ्यांपैकी ती नव्हती. सोमगिरींच्या मठात ती आली होती ती केवळ तिथल्या सपाट फरशीसाठी. घरच्या अंगणाला उतार होता, आणि उतारावर घेतलेल्या मापाला ती माप मानत नसे.

इथेही तेच. उजवे चाक ताठ. डाव्या चाकाशी ओळंबा धरला, की चाकाचा माथा आत कललेला.

“स्प्रिंगा बदलल्या, टायर बदलले. तरी घाटात गाडी दरीकडेच ओढते. परवा थोडक्यात वाचले.”

“डावीकडे कोण बसतं?”

“कुणी नाही.”

“मग पट्टा कशाला बांधलाय?”

पुढच्या डाव्या आसनावर पट्टा घट्ट आवळलेला होता.

“नाही बांधला तर घंटी वाजत राहते.”

“रिकाम्या आसनासाठी?”

“...सेन्सर बिघडला असणार.”

“असणार?” महाराज हसले. “हे मात्र तपासलं नाहीत!”

तिने ओळंब्याची दोरी डाव्या चाकाच्या कमानीला अडकवली.

“शेवटी कोण बसलं होतं, माई?”

“धाकटा भाऊ. नचिकेत. इस्पितळात नेत होते त्याला. पट्टा मीच बांधला... घाट उतरेपर्यंत सगळं संपलं होतं.”

“आणि नंतर?”

“नंतर तिथे कुणाला बसू दिलं नाही.”

महाराज चालकाच्या बाजूने आत वाकले. त्यांनी पट्ट्याची कळ दाबली.

पट्टा झटकन मागे गेला नाही. हळूहळू गेला... कुणाच्या तरी छातीवरून, खांद्यावरून वळसा घेत.

सौदामिनीने ते पाहिले. कारण शोधू लागली. सापडले नाही.

महाराज गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. वारा पडलेला होता. तरी ओळंबा हलू लागला. स्प्रिंग करकरली.

त्यांनी दाराच्या मुठीला हात घातला.

“नको!” ती धावत येऊन दाराला पाठ लावून उभी राहिली. काच पाठीला थंडगार लागली. “राहू दे, महाराज... मी चालवीन तशीच.”

महाराजांनी मूठ सोडली नाही.

“माप बरोबर हवं होतं ना, माई?”