विहिरीचं दार

फार पूर्वी, मक्केला शिडाच्या गलबतातून जावं लागे, तेव्हाची ही गोष्ट. समुद्रकाठच्या एका गावात एक बागवान राहत होता. त्याच्या पोफळीच्या बागेत गोड्या पाण्याची एकच विहीर होती आणि सारी आळी तिथंच पाणी भरायची.

शेजारी एक विधवा राहायची. तिला सगळे खाला म्हणत. एकदा तिची शेळी बागेत शिरली आणि तिनं पोफळीची तीन रोपं खाल्ली. बागवानानं विहिरीभोवती दगडांचा गडगा घातला, त्याला लाकडी दार बसवलं. दार सर्वांना उघडं होतं, फक्त खालाला बंद. ती डोंगराखालच्या झऱ्यावरून पाणी आणू लागली. परत येताना हंडा खाली ठेवून ती त्याच दाराला टेकून दम घ्यायची.

पुढं बागवान हजला निघाला. त्या गावची रीत होती, की निघण्याआधी घरोघर जाऊन माफी मागायची. माणसांनी माफ केल्याशिवाय हज पुरा होत नाही, असं वडीलधारे सांगत. बागवान सगळीकडे गेला. ज्यांच्याशी कधी वाकडा शब्द बोलला नव्हता, त्यांच्याकडेही गेला.

"खालाकडे राहिलंय," बायको म्हणाली.

"माफी तिनं मागायची. शेळी तिची होती."

"शेळी मरून चार वर्षं झाली."

बागवान गलबतात चढला.

मक्केला पोचण्याआधी त्यानं दोन न शिवलेली पांढरी वस्त्रं नेसली. काबा पाहून त्याचे डोळे भरून आले. मग तो सफा आणि मरवा या दोन टेकड्यांपाशी आला. इथं यात्रेकरू ये-जा करत सात फेऱ्या मारतात. फार फार पूर्वी बीबी हाजरा आपल्या तान्हुल्यासाठी पाणी शोधत इथं धावल्या होत्या आणि मग बाळाच्या पायाशी झमझमचा झरा फुटला होता.

चौथ्या फेरीला बागवानाचे पाय दुखू लागले. तेव्हा त्याच्या मनात आलं, पाण्यासाठी एक बाई अशीच ये-जा करते आहे. माझ्या दारासमोरून. रोज.

तो मध्येच थांबला. शेजारून चालणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "पाय दुखतात का?"

"माझे नाही," बागवान म्हणाला आणि रडू लागला.

त्यानं फेऱ्या पूर्ण केल्या, हजचे सगळे विधी केले. पण त्याला पुरं झाल्यासारखं वाटेना.

गलबत परतलं तेव्हा सारा गाव हार घेऊन बंदरावर उभा होता. झमझमचा घोट मिळावा म्हणून मुलं ओंजळी पुढं करत होती. "आधी एका घरी जाऊन येतो," असं म्हणून बागवान बुधली घेऊन थेट खालाच्या अंगणात गेला. ती तांदूळ निवडत होती.

"हे झमझमचं पाणी," तो म्हणाला.

खालानं बुधलीकडे पाहिलं. "बरंच लांबून आणलंत. मीही लांबूनच आणते."

बागवान खाली मातीत बसला. "खाला, मी सगळ्यांची माफी मागितली. फक्त तुमची नाही."

"शेळीनं रोपं खाल्ली होती, हे खोटं नाही."

"पण पाणी शेळीनं मागितलं नव्हतं."

खाला बराच वेळ तांदळातले खडे काढत राहिली. मग सूप बाजूला ठेवून उठली आणि तिनं हंडा उचलला. "माफीचं मागाहून बोलू. आधी ते दार उघडतं का बघू."

बागवानानं दार नुसतं उघडलं नाही, ते बिजागऱ्यांसकट उखडून काढलं. खालानं सावकाश पोहरा सोडला, पाणी काढलं आणि पहिली ओंजळ त्यालाच दिली.

"घ्या, हाजीसाहेब. प्रवासातून आलात."

तो प्यायला. तेव्हा कुठं त्याला आपली यात्रा संपल्यासारखी वाटली.

त्या दाराची फळी पुढं विहिरीपाशीच आडवी टाकली गेली. तिच्यावर बायका हंडे टेकवत आणि दम घेत.

ज्याला आपण दुखावलं, त्याच्या अंगणातून गेल्याशिवाय कुठलीही यात्रा पुरी होत नाही.