सगुणेचा अडलेला घास

वेणुनाथ महाराज त्या वर्षी सावळदऱ्याच्या मठात उतरले होते. त्यांच्या पावलांनी गावाची धूळही शांत झाली होती. मठाच्या पंगतीसाठी पळसाच्या पत्रावळी टाचण्याची सेवा सगुणा गुरविणीकडे होती. साऱ्या गावाला पान पुरवणाऱ्या या बाईच्या पोटात मात्र अन्न उतरत नव्हते. घास छातीच्या तळाशी येई आणि मिटल्या दारापुढे पाहुणा थबकावा तसा थबके. पाणीही उलटून येई. काढे झाले, अंगारे झाले. देहाचा सापळा उरला. आपल्याच देहाने आपल्याला दार का लावले, हे तिला उमगत नसे.

शेवटच्या माणसाचे जेवण होईपर्यंत पंगत उठायची नाही, अशी मठाची रीत होती. द्वादशीच्या दुपारी सारे हात वाळवीत बसलेले, आणि सगुणेचा पहिलाच घास अडलेला.

कारभारी विश्वंभरपंत कडाडले, "काय गं सगुणे, पान टाचता टाचता पान टाकायला शिकलीस? ज्याच्या गळ्याखाली घास उतरत नाही, त्याच्या पदरी पाप असतं, पाप!"

"असेल, पंत," ती म्हणाली. "पण कुठलं, तेवढं सांगा. माफी तरी मागीन."

कोणीतरी हसले. तोच महाराज पानावरून उठले. सारे गोंधळले, रीत मोडली ती महाराजांनीच! ते तिच्याशेजारी येऊन बसले.

"माय, तुझ्या पानातला घास मला भरव."

"उष्टं आहे, महाराज!"

"भूक उष्टं बघत नाही."

तिने घास भरवला. आणि काय नवल! तिच्या छातीतली गाठ सैल झाली, अडलेला घास अलगद खाली उतरला. ती पाणी प्याली, तेही उतरले. तिला रडू फुटले, पण आनंदाचे की भयाचे, तिलाच कळेना. कारण महाराजांचा हात आता स्वतःच्या छातीवर होता, आणि तिने दिलेला घास त्यांच्या ओठांतून परत येत होता.

"महाराज, हे काय केलंत? माझं दुखणं मला परत द्या!"

"जेव, माय. पंगत खोळंबलीय." मग महाराज कारभाऱ्यांकडे वळून म्हणाले, "पंत, माझ्याही गळ्याखाली घास उतरत नाही. आता माझं पाप सांगा."

पंत पुढे आले. त्यांनी महाराजांच्या पायांवर लोटांगण घातले; पण महाराजांनी पाय मागे घेतले आणि नजरेने सगुणेकडे खूण केली. भर पंगतीत पंतांनी तिच्या पावलांवर माथा टेकला.

हातात घास धरून सगुणा तशीच बसली होती. खावा की ठेवावा, तिला सुचेना.

"जेवा, सगुणाबाई," पंत म्हणाले. "तुमचं होईपर्यंत इथून कुणी उठणार नाही."