हौसाक्काची चटई

फार फार वर्षांमागं, तुमच्या पणज्याला सदरा ठाऊक नव्हता तेव्हा, डोणवाडीत हौसाक्का करंजाच्या तेलाचा घाणा चालवायची. खरूज म्हणा, गजकर्ण म्हणा, तिनं ओल्या अंगावर तेल चोळलं की सापासारखी कात टाकून माणूस नवा व्हायचा, असं म्हणतात.

पण उघड कोण जाणार? कातडीचं दुखणं म्हणजे पाप, असं गाव मानायचं. मग भर वैशाखात, टळटळीत दुपारी, डोक्यावरून घोंगडी घेऊन माणसं तिच्या मागच्या दाराशी रांग लावायची. तोंडं झाकलेली, पाय उघडे. पायांवरून सगळे सगळ्यांना ओळखायचे, पण दाखवायचं कुणीच नाही!

एका साली गावात अंगभर माशासारखे खवले घेऊन एक पोर जन्मली. पाटील म्हणाला, "ओढ्यापलीकडं टाका." हौसाक्कानं ती उचलून घरी आणली, नाव ठेवलं रुपी. रोज भिजवायची, तेल चोळायची. खवले गळायचे, पुन्हा यायचे. गळलेले खवले ओढ्यात चांदीसारखे चमकायचे, असं म्हणतात.

रुपी सात वर्षांची झाली. जत्रेच्या पंगतीतून तिला उठवलं. दुसऱ्या दिवशी हौसाक्कानं मागच्या दाराला आतून कडी घातली.

"आता पुढच्या दारानं या. ओसरीवरच्या चटईवर, माझ्या पोरीशेजारी बसा. मग तेल."

एक घोंगडी बोलली, "अक्का, लोक काय म्हणतील?"

"पाटील, लोक सगळे तुमच्या मागं रांगेतच उभे आहेत की!"

गावानं खाजवून खाजवून रक्त काढलं, पण पुढच्या दारानं कुणी आलं नाही. रुपी रोज अर्धी चटई मोकळी सोडून बसायची. बसून बसून बाई झाली. वाट बघतच हौसाक्का गेली. तिसऱ्या दिवशी रुपी ओढ्यात उतरली. मासोळी झाली, असं म्हणतात. बुडाली, असं कुणी म्हणत नाही.

आता घाण्याच्या जागी हौसाक्काचं देऊळ आहे. जत्रेला तेल मिळतं, मागच्या दाराशी. घोंगड्यांची रांग लागते. हसू नका, यंदा माझ्यापुढं कोण होतं ते पायांवरून ओळखलंय मी. त्यानंही मला ओळखलं असणार, म्हणून नाव घेत नाही.

आणि पुढच्या ओसरीवर नवी चटई अंथरतात. तिला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात. बसत मात्र कुणी नाही. पवित्र आहे, असं म्हणतात.