डब्यांची अदलाबदल

घाटातल्या एका वळणाखाली दाट जंगल होते आणि त्या जंगलात एक छोटा वानर आपल्या आईसोबत राहत असे. वळणावर गाड्या थांबत. माणसे उतरून दरी बघत आणि जाताना वेफर्स, क्रीमची बिस्किटे, फरसाणाचे अर्धे पुडे तिथेच टाकून जात. वानराची आई रोज सकाळी रस्त्याच्या कठड्यावर जाऊन बसे, ते सगळे गोळा करी आणि मुलाच्या डब्यात भरून देई. "माझ्या लेकरावर झाडपाला चघळायची वेळ यायला नको," असे ती शेजारणींना ऐकवत असे.

त्या जंगलात एक शाळाही होती. हिरड्याच्या मोठ्या झाडाखाली ती भरे आणि साळिंदर गुरुजी मुलांना शिकवत. मधल्या सुट्टीत वानराने डबा उघडला, की सगळी मुले त्याच्याभोवती जमत. ससा नाक हलवत वास घेई. भेकराचे पाडस जिभल्या चाटी. सगळ्यांचे डोळे आपल्या डब्यावर लागलेले पाहिले, की वानराला फार बरे वाटे. तो एकेक वेफर सावकाश, कुर्रकुर्र आवाज करत खाई. कोणाला तुकडासुद्धा देत नसे.

पूर्वी हा वानर खेळात सगळ्यांच्या पुढे असायचा. पण आता डबा संपला, की त्याला जड वाटायचे. कोणी खेळायला बोलावले, तर तो म्हणायचा, "आज माझं पोट दुखतंय." मग तो झाडाला टेकून बसायचा आणि बाकीची मुले धावताना बघत राहायचा.

थंडीच्या दिवसांत गुरुजींनी झाडांवर चढणाऱ्या मुलांची एक शर्यत ठेवली. हिरड्यावरून निघायचे, जमिनीला पाय न लावता फांद्याफांद्यांवरून ओढ्याकाठच्या उंबरापर्यंत जायचे आणि तसेच परत यायचे. 'आपणच जिंकणार,' असे वानराने धरूनच ठेवले होते. पण निम्म्या वाटेवरच त्याला धाप लागली. तो एका फांदीवर मटकन बसला. तेवढ्यात त्याच्याच वर्गातली छोटी शेकरू उंबराला हात लावून परत आली आणि त्याच्या डोक्यावरून झेप घेत पुढे निघून गेली.

"शाब्बास, पोरी!" गुरुजी म्हणाले. "इतकी सुरेख झेप मी कित्येक दिवसांत पाहिली नव्हती!"

एके काळी अशी शाबासकी वानराला मिळत असे. ते शब्द ऐकताच त्याच्या छातीत काहीतरी टोचले आणि ते टोचत राहिले. त्या दिवसापासून त्याला शेकरूचे काहीच आवडेना. तिने हात वर करून उत्तर दिले, की त्याला वाटे, ही शेखी मिरवते आहे. मुले तिच्याभोवती हसत उभी राहिली, की त्याला वाटे, सगळे आपल्यालाच हसत आहेत. घरी आल्यावर तो आईला म्हणाला, "तिची शेपटी बघितलीस? उगाच एवढी झुपकेदार. दिसायलाही बरी दिसत नाही."

आई म्हणाली, "कोणाची रे?"

"कोणाची नाही," वानर म्हणाला आणि तोंड फिरवून बसला.

एक दिवस मधल्या सुट्टीत त्याने चोरून शेकरूच्या डब्यात डोकावून पाहिले. उंबरे, बोरे, दोन आवळे आणि मोड आलेल्या थोड्या बिया, एवढेच त्यात होते. शेकरूची नजर मात्र त्याच्या क्रीमच्या बिस्किटांवर खिळली होती. तेव्हा वानराच्या मनात एक विचार आला, 'हे सगळं हिने रोज खाल्लं, तर हीसुद्धा माझ्यासारखी धापा टाकील!'

म्हणजे बघा मुलांनो, आपल्या डब्यात काय असते आणि त्याने आपले काय झाले आहे, हे वानराला पुरते ठाऊक होते.

तो हसत हसत शेकरूजवळ गेला. "माझा डबा हवा का तुला?" त्याने विचारले.

"खरंच देशील?" शेकरूचे डोळे चमकले. "सगळा?"

"सगळा. आजच नाही, रोज देईन. तुझा मला दे."

"माझ्यात काही विशेष नसतं रे," शेकरू लाजून म्हणाली.

"असू दे. आपण मित्र आहोत ना?" वानर म्हणाला.

अशी डब्यांची अदलाबदल सुरू झाली. पहिल्या दिवशी आवळा चावताच वानराने तोंड वाकडे केले. पण शेकरू मिटक्या मारत बिस्किटे खात होती, ते पाहून त्याने तो कसाबसा गिळला. तिच्या छोट्या डब्याने त्याचे पोट काही भरत नसे. भूक लागली, की त्याला ओढ्याकाठच्या उंबरावर जावे लागे. पिकलेली फळे नेहमी शेंड्याला असत, म्हणून शेंड्यापर्यंत चढावे लागे. हळूहळू त्याची धाप कमी झाली, अंग हलके झाले. पण हे त्याच्या लक्षातच आले नाही, कारण त्याचे सगळे लक्ष शेकरूकडे होते.

शेकरू हळूहळू जड होत चालली होती. आता सकाळी शाळेत आली, की ती आधी वानराला विचारी, "आज डब्यात काय आणलंयस?" एकदा तिची उडी चुकली आणि ती खालच्या झुडपात पडली. मुले हसली. सगळ्यांत मोठ्याने वानर हसला. दुसऱ्या दिवशी मुले खेळायला बोलवायला आली, तेव्हा ती खालमानेने म्हणाली, "आज नको. माझं पोट दुखतंय."

वानराच्या मनासारखे झाले होते. तरी घरी जाताना त्याला का कोण जाणे, नेहमीसारखे गुणगुणावेसे वाटले नाही.

पुढे एका दुपारी मधल्या सुट्टीत शेकरू एका उघड्या फांदीवर एकटीच बसली होती. एवढ्यात आभाळातून एक मोठी मोरघार पंख मिटून सरळ तिच्यावर झेपावली. "पळा! लपा!" गुरुजी ओरडले. मुले झुडपांत शिरली. शेकरूने वर पाहिले आणि ती जागच्या जागी थिजली.

"उडी मार!" वानर शेजारच्या झाडावरून ओरडला. "तुझ्या समोरच्या फांदीवर! मार उडी!"

"मला नाही जमत!" शेकरू रडत म्हणाली. "मी पडेन!"

 ते शब्द ऐकताच दुसरा विचार न करता वानराने झेप घेतली, शेकरूला कवेत धरले आणि तो तसाच पलीकडच्या दाट पानांत शिरला. मोरघारीची नखे त्याच्या पाठीवरून ओरखडत गेली. फांदी रिकामी पाहून ती चीत्कारत पुन्हा वर उडाली.

सगळी मुले धावत आली. "काय झेप घेतली रे!" ससा म्हणाला. शेकरू म्हणाली, "तू नसतास तर आज मी मेले असते. तू माझा खरा मित्र आहेस."

हे मात्र वानराला सोसवेना. पाठीतून रक्त येत होते, त्याहून ते जास्त झोंबले. "नाही गं," तो म्हणाला. "मी मित्र नाही. तू जिंकलीस, ते मला बघवलं नाही. तू जड व्हावीस म्हणून मी तुला मुद्दाम माझा डबा देत होतो."

 शेकरू त्याच्यापासून दूर सरकली आणि म्हणाली, "आणि मी रोज तुझ्या डब्याचा हेवा करत होते." एवढे बोलून ती निघून गेली. पुढे कित्येक दिवस ती वानराशी बोलली नाही. तिचे ते वागणे बरोबरच होते.

संध्याकाळी गुरुजी वानराच्या घरी गेले. त्याची आई पाठीच्या जखमेला पाला लावत होती. गुरुजींनी सगळी हकिकत सांगितली, तशी ती फणकारली, "माझ्या मुलाच्या डब्यावर सगळ्यांचाच डोळा आहे! म्हणून हे चाललंय!"

गुरुजी शांतपणे म्हणाले, "बाई, तुमच्या मुलाने जे दुसरीचं वाईट व्हावं म्हणून दिलं, तेच तुम्ही त्याला रोज मायेने देत आहात."

 आईने मुलाच्या डोक्यावरून हात फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती कठड्यावर गेली नाही. मुलाला घेऊन ती उंबराकडे गेली.

शाळेतही गुरुजींनी नवा नियम केला. मधल्या सुट्टीत आधी सगळ्यांनी मिळून खेळायचे, मग रानातले ताजे खायचे. एकटे कोणी बसायचे नाही. शेकरूला पूर्वीसारखे पळता येईपर्यंत बरेच दिवस गेले. पुन्हा शर्यत झाली, तेव्हा वानर आणि ती शेवटपर्यंत बरोबरीने होती. पण शेवटच्या झेपेत शेकरू पुढे गेली आणि जिंकली.

वानराच्या छातीत पुन्हा थोडे टोचले. खोटे कशाला सांगू? पण या वेळी तो तोंड फिरवून बसला नाही. तो शेकरूजवळ गेला आणि म्हणाला, "ती शेवटची झेप तू कशी घेतलीस? मला शिकवशील?"

शेकरूने त्याच्याकडे क्षणभर निरखून पाहिले. मग ती म्हणाली, "चल वर. पण दमलो म्हणायचं नाही हं!" आणि दोघेही पुन्हा हिरड्यावर चढले.

तात्पर्य : दुसऱ्याचा हेवा करून आपले अंग हलके होत नाही आणि बळही वाढत नाही, त्यासाठी ताजे, सकस खावे आणि मित्रांबरोबर मनापासून खेळावे.