वकिलाचं सुतक

घाटापलीकडच्या काळफेट्यांच्या टोळीने भरलेला बाजार जाळला, तेव्हा हिरेगडच्या तरुण राजाची, विक्रमसेनाची, झोपच उडाली. त्याच्या आत्यासाहेबांनी मग कायदाच तयार केला. ही टोळी दहशतखोर ठरवायची आणि तिला घोडे, दाणागोटा, दारूगोळा पुरवील त्याचा माल जप्त करायचा. राजाचा शिक्का तेवढा बाकी होता.

तोच शेजारच्या राज्याचे वकील दलपतराव मिशीला पीळ देत दरबारात आले.

"काळफेटे आमचे कुणी लागत नाहीत, देवाशपथ! पण हा कायदा झाला, तर आमचे महाराज गप्प बसणार नाहीत."

राजाचा हात थबकला. शेजाऱ्याची फौज केवढी! त्याने आत्याकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे मान डोलावली आणि त्याने शिक्का उमटवला.

कायदा झाला की दरबारात साखर वाटायची रीत होती. जो ती खाईल, त्याला कायदा मान्य. तबक पुढे येताच दलपतरावांनी ते दूर लोटलं.

"ही साखर आमच्या घशाखाली उतरायची नाही!"

"राहू दे रे, आग्रह करू नकोस," आत्यासाहेब सेवकाला म्हणाल्या. "सुतकात गोड खात नाहीत."

"मला कुणाचं सुतक?" वकील कडाडले.

"या शिक्क्याने काळफेटे मेले, त्यांचं. ते तुमचे कुणी लागत नसतील, तर घ्या की चिमूटभर!"

सगळा दरबार वकिलांच्या तोंडाकडे बघू लागला. दलपतरावांनी चिमूटभर साखर तोंडात टाकली. राजा आत्याकडे पाहतच राहिला.

आत्यासाहेबांनी साखरेची पुडी बांधली. "ही तुमच्या महाराजांना द्या. त्यांनाही सुतक नसेलच."